बौद्धिक दिव्यांगांचे मुखारोग्य व पोषण : कुटुंबांनी आणि समाजाने घ्यावयाची काळजी



वार्षिक अहवालात हिशेब व कार्यवृत्तान्त यांच्या जोडीने एखाद्या आरोग्यविषयाची माहिती द्यावी, असा प्रघात आहे. यंदा बौद्धिक दिव्यांग व्यक्तींचे मुखारोग्य आणि पोषण हा विषय घेतला आहे. ज्याला दाढदुखी सांगता येते, तो दुसऱ्या दिवशी दंतवैद्याकडे जातो. ज्याला ती सांगता येत नाही, तो जेवण कमी करतो, रात्री जागतो, स्वतःच्या गालावर बुक्क्या मारतो, मनगट चावतो किंवा एरवी आवडीने खाल्लेली भाकरी ताटाबाहेर ढकलतो. घरची माणसे म्हणतात, "हल्ली फार हट्टी झालाय." या हट्टाचे मूळ पुष्कळदा तोंडात असते. अशा व्यक्तीच्या वागण्यातील बदल हीच तिची तक्रार समजावी आणि सर्वप्रथम तिचे तोंड पाहावे, एवढे एकच सांगणे या लेखात आहे. बाकीचे सर्व त्याचे स्पष्टीकरण.

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून रुग्णालयाच्या व्यवस्थापनाचे काम पाहतो. वैद्यकीय मजकूर दंत, बालरोग व आहार विभागांतील सहकाऱ्यांशी चर्चा करून लिहिला आहे.

१. प्रश्नाची व्याप्ती

पूर्वी 'मतिमंद' हा शब्द सर्रास वापरला जाई. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात 'बौद्धिक अक्षमता' ही संज्ञा आली. शब्द बदलला तशी दृष्टीही बदलावी, ही अपेक्षा.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद झाली. त्यांपैकी बौद्धिक दिव्यांग सुमारे १५ लाख होते. त्याच जनगणनेत पिंपरी-चिंचवड महापालिकेची लोकसंख्या सुमारे १७ लाख २७ हजार होती. देशाचे प्रमाण या लोकसंख्येस लावले, तर शहरात सुमारे २,१५० बौद्धिक दिव्यांग निघतात. जगभरच्या अभ्यासांतील साधारण अंदाज मात्र लोकसंख्येच्या १ टक्क्याच्या आसपास आहे. त्या हिशेबाने हा आकडा १७ हजारांवर जातो. हे अंतर बोलके आहे. सौम्य प्रमाणातील अक्षमता अनेकदा ओळखूच येत नाही, आणि ओळखली तरी प्रगणकाला ती सांगण्याचे घरोघरी टाळले जाते. शिवाय २०११ नंतर शहर पुष्कळ वाढले, आणि खेड तालुक्यातील चाकण व भोवतालची गावे तर या गणनेत धरलेलीच नाहीत.

आपल्या पट्ट्याचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावे लागेल. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे मोटार व दुचाकींचे कारखाने आले आणि कालांतराने उद्योग चाकणपर्यंत पसरला. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि परप्रांतांतून कुटुंबे येथे आली. आजी-आजोबा गावी राहिले. आई-वडील दोघेही पाळ्यांमध्ये काम करू लागले. सर्वसाधारण मूल थोडे मोठे झाले, की आपले दात आपण घासते. बौद्धिक दिव्यांग व्यक्तीचे दात पंचविसाव्या वर्षीही दुसऱ्या कोणाला तरी घासावे लागतात, घास कोणीतरी भरवावा लागतो. ते 'कोणीतरी' आठवड्यागणिक पाळीप्रमाणे बदलत असेल, तर सकाळचा ब्रश आईच्या आठवड्यात होतो आणि वडिलांच्या आठवड्यात राहून जातो. म्हणून या विषयात घराची व्यवस्था हाच औषधोपचाराचा पाया ठरतो.

२. तोंड आणि ताट यांचे नाते

दुखणाऱ्या दाढेने भाकरी, मोड आलेली उसळ, काकडी, पेरू चावता येत नाही. मग घरातील माणसे मायेपोटी मऊ पदार्थ देऊ लागतात : चहात बुडवलेला टोस्ट, बिस्किटे, दूध-साखर-पोळी, शिरा. हे पदार्थ दातांना चिकटून राहतात, कीड वाढते, चावणे आणखी कठीण होते आणि आहार आणखी मऊ व गोड होतो. असे हे चक्र आहे. त्याचा परिणाम व्यक्तिपरत्वे दोन टोकांचा दिसतो. मेंदूच्या पक्षाघातासह बौद्धिक अक्षमता असलेली मुले गिळण्याच्या अडचणीमुळे कृश होत जातात. तर डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींचे वजन किशोरवयापासून वाढू लागते. त्यांच्यात थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंद असण्याचे प्रमाणही अधिक असते. कृश मूल आणि स्थूल तरुण या दोघांच्याही तोंडात एकच गोड, मऊ, चिकट आहार असू शकतो.

डाऊन सिंड्रोमची आणखी काही लक्षणे पालकांना ठाऊक असावीत. दुधाचे दात उशिरा येतात. पहिला दात वर्ष-दीड वर्षापर्यंत न दिसल्यास घाबरून जाऊ नये. काही दात मुळातच नसतात. कीड तुलनेने कमी आढळते, त्यामुळे 'दात चांगले आहेत' असा समज होतो. परंतु हिरड्यांचा व दातांभोवतीच्या हाडाचा विकार तरुणपणीच आणि वेगाने वाढतो. कीड नसलेले दात हलू लागून पडतात, ते यामुळे. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मजात हृदयविकार असतो. त्यांपैकी काहींना हिरड्यांतील जंतू रक्तात गेल्यास हृदयाच्या अंतःस्तराचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. म्हणून हृदयविकाराची कागदपत्रे दंतवैद्याला पहिल्याच भेटीत दाखवावीत.

३. व्हिपेहोल्मचा धडा

साखर आणि कीड यांचा संबंध आज शाळेतील मुलेही सांगतात. तो सिद्ध कसा झाला, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. स्वीडनमधील लुंड येथे व्हिपेहोल्म नावाचे बौद्धिक दिव्यांगांसाठीचे मोठे रुग्णालय होते. १९४५ नंतरच्या काही वर्षांत तेथील निवासी रुग्णांवर दीर्घकाळ आहारप्रयोग करण्यात आले. काहींना साखर जेवणाबरोबर दिली, काहींना गोड पाव दिला, आणि काहींना दोन जेवणांच्या मध्ये दातांना चिकटून राहील अशी खास बनवलेली टॉफी दिवसातून अनेक वेळा दिली. टॉफी खाणाऱ्यांचे दात झपाट्याने किडले. निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगाला रुग्णांची संमती नव्हती. ती देण्याघेण्याचा प्रश्नच कोणी उपस्थित केला नव्हता. पुढे स्वीडनमध्ये मुलांना गोड खाऊ आठवड्यातून एकदाच, शनिवारी देण्याची पद्धत रुजली. साऱ्या जगाच्या मुलांना उपयोगी पडलेले हे ज्ञान ज्यांच्या दातांच्या मोबदल्यात मिळाले, ते बौद्धिक दिव्यांग होते. दंतवैद्यकावर त्यांचे ऋण आहे, असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

त्या ज्ञानाचा सारांश असा : साखर एकूण किती खाल्ली याइतकेच, ती किती वेळा आणि कोणत्या रूपात खाल्ली याला महत्त्व आहे. साखर तोंडात आली, की दातांवरच्या थरातील जंतू तिचे आम्ल करतात. ते आम्ल लाळेने धुऊन निघून तोंड पूर्ववत होण्यास साधारण अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. चार बिस्किटे जेवणाबरोबर एकदम खाल्ली, तर दातांवर एक हल्ला होतो. तीच चार बिस्किटे शांत बसल्याचे बक्षीस म्हणून तासातासाने दिली, तर चार हल्ले होतात. घरी, शाळेत, बसमध्ये मूल शांत राहावे म्हणून हातात गोळी किंवा बिस्कीट देण्याची सवय म्हणूनच सर्वांत आधी बदलावी. बक्षीस म्हणून टाळ्या, आवडते गाणे, चेंडू, झोक्यावर दोन मिनिटे असे काहीही चालते. शिक्षक व मदतनीस यांनाही ही विनंती आवर्जून करावी.

गुळाविषयी एक गैरसमज दूर व्हावा. गूळ, मध, काकवी, च्यवनप्राश हे सर्व दातांच्या दृष्टीने साखरच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये अशा साखरेचे प्रमाण रोजच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत, आणि शक्य झाल्यास ५ टक्क्यांच्या आत ठेवावे असे सुचवले. प्रौढ व्यक्तीसाठी ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, अर्थात सहा चहाचे चमचे. तीन कप गोड चहात ही मर्यादा सहज संपते.

४. औषधांचे तोंडावरील परिणाम

बौद्धिक दिव्यांग व्यक्तींमध्ये आकडी येण्याचे प्रमाण अधिक असते. त्यासाठीचे फिनिटॉइन हे जुने व स्वस्त औषध घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हिरड्या सुजून दातांवर चढू लागतात. दात स्वच्छ राखल्यास ही वाढ पुष्कळ आटोक्यात राहते. फिनिटॉइन व फिनोबार्बिटोन दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील ड जीवनसत्त्व घटते आणि हाडे कमकुवत होऊ शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याची तपासणी करावी. सोडियम व्हॅल्प्रोएटने भूक व वजन वाढू शकते. मनोविकारांवरील काही औषधांनी, तसेच लाळ कमी करण्याच्या औषधांनी तोंड कोरडे पडते. लाळ कमी झाली की कीड वाढते. गोड पातळ औषध झोपण्यापूर्वी दिले आणि तोंड न पुसता मूल झोपवले, तर साखर रात्रभर दातांवर राहते. हे औषध शक्य तेथे जेवणाबरोबर द्यावे आणि नंतर पाणी पाजावे.

येथे एक कळकळीची सूचना : हे वाचून कोणीही आकडीचे औषध स्वतःहून बंद करू नये. औषध अचानक थांबवल्यास लागोपाठ आकड्या येऊन जिवावर बेतू शकते. बदल करावयाचा तो डॉक्टरांनीच.

५. घरच्या घरी करावयाची मुखनिगा

(अ) रोज रात्री झोपण्यापूर्वी आणि सकाळी दात घासावेत. दोन्ही वेळा जमत नसेल, तर रात्रीची वेळ चुकवू नये.

(आ) घासणाऱ्याने व्यक्तीच्या मागे उभे राहून तिचे डोके आपल्या छातीशी टेकवावे. लहान मुलासाठी दोन मोठ्या माणसांनी गुडघ्याला गुडघे लावून समोरासमोर बसावे आणि मुलाचे डोके एकाच्या मांडीवर घ्यावे. पाळी कोणाचीही असो, जागा, वेळ व पद्धत तीच ठेवावी. सवयीने भीती जाते.

(इ) मूठ पक्की मिटत नसेल, तर ब्रशच्या दांड्याला सायकलच्या हँडलची जुनी रबरी मूठ किंवा भोक पाडलेला चेंडू बसवावा. स्वतः घासण्याचा आनंद त्या व्यक्तीस घेऊ द्यावा. मात्र नंतर मोठ्या माणसाने एकदा हात फिरवावा.

(ई) फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरावी. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी. थुंकता येत नसेल, तर थोडीच पेस्ट घेऊन ओल्या स्वच्छ फडक्याने तोंड पुसावे. थुंकता येत असल्यास फेस थुंकावा. लगेच भरपूर पाण्याने चूळ भरू नये, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकते.

(उ) मिश्री किंवा तंबाखू असलेले कोणतेही दंतमंजन कधीही वापरू नये. त्यामुळे व्यसन जडते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका संभवतो.

(ऊ) महिन्यातून एकदा, उजेडात, ओठ वर उचलून पाहावे. हिरडीलगतचे पांढरे पट्टे, तपकिरी खड्डे, हिरडीवरची पुळी, रक्त किंवा दुर्गंधी आढळल्यास दंतवैद्यास दाखवावे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे येणारी दाढ कायमची असते. 'पडणारच आहे' असे समजून तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास ती जन्माची जाते.

६. आहाराविषयी

मऊ अन्न पौष्टिक आणि कमी गोड असू शकते. मऊ मुगाची खिचडी व तूप, वरणात कुस्करलेली भाकरी, बारीक केलेली मेथी किंवा पालक घातलेले वरण, दही-भात, उकडलेले अंडे, शेंगदाण्याच्या कुटाची आमटी, केळे, ताकातील नाचणीची आंबील हे पदार्थ आपल्या स्वयंपाकघरातलेच आहेत. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. खर्चाच्या मानाने इतके कॅल्शियम दुसऱ्या धान्यात क्वचितच मिळेल. कृश मुलाच्या प्रत्येक वाटीत एक चमचा तूप किंवा तेल वाढवावे. स्थूल व्यक्तीच्या चहातील साखर व तळलेले पदार्थ कमी करावेत. चावता येणाऱ्या व्यक्तीचे अन्न विनाकारण बारीक करू नये.

भरवताना व्यक्ती ताठ बसलेली असावी, मान मागे टाकलेली नसावी, हनुवटी किंचित खाली असावी. आडवे निजवून भरवू नये. जेवताना खोकला येणे, आवाज ओलसर होणे किंवा छातीचा संसर्ग वारंवार होणे ही अन्न श्वासनलिकेत जात असल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी अस्वच्छ तोंडातील जंतूही फुप्फुसात उतरतात. दात घासल्याने न्यूमोनिया टळू शकतो, तो असा.

लाळ गळते म्हणून पाणी कमी देण्याची चूक अनेक घरांत होते. लाळ बहुधा गिळता न आल्याने गळते. जास्त तयार झाल्याने नव्हे. पाणी तोडल्याने बद्धकोष्ठ वाढते आणि भूक मंदावते.

दरमहा वजन लिहून ठेवावे. उभे राहता येत नसलेल्या मुलास पालकाने कडेवर घेऊन काट्यावर उभे राहावे आणि एकूण वजनातून आपले वजन वजा करावे. वाढत्या वयाच्या मुलाचे वजन सलग तीन महिने वाढले नाही किंवा कोणाचेही वजन घटत गेले, तर रक्त-तपासणीबरोबर तोंडही तपासून घ्यावे.

७. दंतचिकित्सा आणि तिचा हिशेब

पहिल्या भेटीत उपचार करण्याचा आग्रह नसावा. खुर्ची दाखवावी, आरसा हातात द्यावा, काय करणार ते सांगावे, मग करावे. दोन-तीन ओळखीच्या भेटींनंतर पुष्कळ रुग्ण तोंड उघडून देतात. दर तीन ते सहा महिन्यांनी दातांवर फ्लोराइड वार्निश लावणे काही मिनिटांचे, वेदनारहित काम आहे. कीड थोपवणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रावण ड्रिलविना लावता येते. त्याने किडलेला भाग काळा पडतो, हे पालकांना आधी सांगितले पाहिजे. फ्लोराइड वार्निश आणि हे द्रावण या दोहोंचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

हे वेळेवर झाले नाही, तर पूर्ण भूल देऊन एकाच बैठकीत अनेक दात भरावे किंवा काढावे लागतात. भूल योग्य तपासणीनंतर सुरक्षितपणे देता येते. परंतु त्यासाठी शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ, रक्त व हृदय-तपासण्या, उपाशी ठेवणे, पालकांच्या कामाचे खाडे हे सारे आले. डाऊन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असू शकतो; हे भूलतज्ज्ञास आधी सांगणे आवश्यक असते. एका बाजूस ब्रश, पेस्ट आणि वर्षातून तीन-चार वार्निश. दुसऱ्या बाजूस हा सगळा व्याप, आणि तो करूनही काढलेला दात परत येत नाही. हिशेबाच्या वहीत याहून स्पष्ट तफावत क्वचितच दिसते.

८. हक्क आणि सोयी

१९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या उपरोक्त अधिनियमाच्या कलम २५ नुसार, दिव्यांगांना रुग्णालयांत अडथळाविरहित प्रवेश आणि तपासणी व उपचारांत अग्रक्रम मिळाला पाहिजे. तशी व्यवस्था करणे शासनाचे कर्तव्य आहे. रांगेत अस्वस्थ झालेल्या मुलाला आधी आत घेणे हा उपकार नव्हे.

राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्यविम्याचे संरक्षण मिळते. वयाची अट नाही आणि विम्यापूर्वी वैद्यकीय तपासणी नाही. नोंदणीसाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ते अद्याप काढले नसल्यास आधी ते काम करावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाली. त्यात अंगणवाड्या व शासकीय-अनुदानित शाळांतून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. डाऊन सिंड्रोम आणि दातांची कीड हे दोन्ही त्यात येतात. जे मूल शाळेतच जात नाही, त्याच्यापर्यंत अशी तपासणी पोहोचणे कठीण असते. अठराव्या वर्षानंतर तर ही वाटही बंद होते. हिरड्यांचा विकार मात्र त्याच वयात बळावतो.

या दोन गटांपर्यंत पोहोचण्याचे काम धर्मादाय रुग्णालयांचे आहे. मुंबईत १९४४ मध्ये जय वकील यांच्या पालकांनी सुरू केलेली शाळा किंवा पुण्यातील कामायनी यांसारख्या संस्थांनी अशा मुलांना शिकवता येते हे दाखवून दिले. विशेष शाळा व कार्यशाळा यांत दुपारच्या डब्यानंतर सामुदायिक दंतधावन सुरू झाले, तर घरी राहून गेलेली एक पाळी तेथे भरून निघते. त्यासाठी लागतो तो एक नळ, नावे लिहिलेले ब्रश आणि एक धीराचा मदतनीस.

९. देणगीदार बंधुभगिनींस

देणगी देताना यंत्राचे नाव डोळ्यांसमोर येते, कारण यंत्रावर पाटी लावता येते. या कार्यात सर्वांत दुर्मीळ वस्तू आहे ती वेळ. साध्या रुग्णाला दंतवैद्य जेवढी मिनिटे देतो, त्याच्या तिप्पट मिनिटे या रुग्णाला लागू शकतात, आणि पहिल्या दोन भेटींत उपचार काहीच होत नाही. कागदावर त्या भेटी निरर्थक दिसतात. प्रत्यक्षात तिसरी भेट त्यांच्यामुळेच यशस्वी होते. अशा मोकळ्या मिनिटांचा, मदतनिसाच्या पगाराचा, चाकणकडील पालकांच्या येण्याजाण्याच्या खर्चाचा आणि फ्लोराइड वार्निशचा भार उचलणारी देणगी कोणत्याही यंत्राइतकीच मोलाची आहे. औद्योगिक आस्थापनांनी आपल्या कामगारांपैकी अशा अपत्यांचे पालक असलेल्यांना दंततपासणीच्या दिवशी पाळी बदलून दिली, तर ती सवलतही देणगीच होय.

पालकांना शेवटी इतकेच सांगणे आहे. आपल्या मुलाने जेवण टाकले, झोप टाकली किंवा स्वभाव बदलला, तर त्याला रागावण्यापूर्वी खिडकीजवळ न्यावे, ओठ हलकेच वर करावा आणि पाहावे. काही दिसले तर त्याच आठवड्यात दंतवैद्य गाठावा. काही दिसले नाही, तरी खात्री करून घ्यावी. मागची दाढ खिडकीच्या उजेडात दिसत नाही.

आपला सहकार्याभिलाषी,
रुग्णालय व्यवस्थापक